कॉन्टेसाचे पुढचे बुश चार महिन्यांत फाटले: माल खराब, की बसवताना काही चुकलं?

साखळीची कॉन्टेसा

नमस्कार मंडळी, मी गोव्यातल्या साखळी गावची. गाडी माझ्या बाबांची. १९९३ची कॉन्टेसा क्लासिक, इसुझूचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून ती मी सांभाळते. प्लग, कार्बोरेटर, ऑइल एवढं घरीच करते. सस्पेन्शनला मात्र अजून हात लावलेला नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

गेल्या डिसेंबरात पुढच्या कंट्रोल आर्मचे (चाक चॅसीला जोडणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या दांड्यांचे) सगळे बुश, म्हणजे सांध्यातले रबरी तुकडे, बदलून घेतले. वरच्या आर्मला दोन, खालच्या आर्मला दोन, दोन्ही बाजू मिळून आठ. जुन्यांचं रबर तडकून दगडासारखं झालं होतं. नवा सेट कोलकात्याच्या मल्लिक बाजारातून मागवला. काम एका स्वच्छ, नव्या गॅरेजमध्ये करून घेतलं. तिथे टू-पोस्ट लिफ्ट आहे, कॉम्प्युटरवर अलाइनमेंट होतं. गाडी घरी आणली तेव्हा पुढून बोटभर उंच दिसत होती. गॅरेजवाले म्हणाले, नवं रबर आहे, बसेल. जानेवारी-फेब्रुवारीत गाडी सुताने ओढल्यासारखी सरळ चालली.

एप्रिलपासून पुन्हा सुरू. खड्ड्यात डावीकडून 'खट्' आवाज येतो. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे जाते. पुढचा डावा टायर आतल्या कडेने खाल्ला गेलाय. अलाइनमेंट दोनदा केलं, दोन्ही वेळा पंधरा दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. खाली वाकून टॉर्च मारला तर डाव्या खालच्या आर्मच्या मागच्या बुशचं रबर आतल्या नळीपासून गोल सुटलेलं दिसतंय. गॅरेजवाले म्हणतात माल डुप्लिकेट. विकणारा म्हणतो बसवणाऱ्याची चूक. दोघांच्या मध्ये मी.

आता पॉलीयुरेथेनचे बुश घालावेत का? आणि हे काम मी स्वतः, मदतीला एखादा माणूस घेऊन, करू शकेन का? स्प्रिंगची मला खरंच भीती वाटते.

चवथीच्या आत गाडी रस्त्यावर हवी. बाबा दर वर्षी चित्रशाळेतून गणपती ह्याच गाडीतून आणायचे. मागच्या सीटवर आई मूर्ती धरून बसायची. गेल्या वर्षी तो मान चुकला नाही, यंदाही चुकवायचा नाही.

वास्को पद्मिनी

ताई, माझ्या प्रीमियर पद्मिनीला पुढे पॉली घालून दोन पावसाळे झाले. चांगली बाजू अशी की स्टिअरिंग ताबडतोब ऐकतं आणि बंदराजवळच्या खाऱ्या हवेत रबरासारखं तडकत नाही. वाईट बाजू म्हणजे पहिल्या पावसात ग्रीस धुऊन गेलं आणि दिवाळीपर्यंत गाडी जुन्या पलंगासारखी कुरकुरायला लागली. सगळं उघडून सिलिकॉन ग्रीस भरावं लागलं. साधं पेट्रोलियम ग्रीस कुठेच वापरू नका, आजूबाजूची रबरी बुटं (सांध्यांवरची झाकणं) फुगवून मऊ करतं. रस्त्याची थरथरही आत जास्त येते. माझी गाडी छोटी आणि मी एकटाच बसणारा, मला चालतं. मागच्या सीटवर आई बसणार असतील तर मी रबरच घेईन.

तिस्क उसगावचा मिस्त्री

बाय, नवीन सामान मागवण्याआधी थांब. तू दोन गोष्टी सहज लिहून गेलीस, पण माझं लक्ष तिथेच अडकलं. गाडी बोटभर उंच झाली होती, आणि रबर आतल्या नळीपासून गोल सुटलं. काम लिफ्टवर झालं ही तिसरी. मला संशय आहे तो मालाचा नाही.

मी १९ वर्षं कुवेतला अमेरिकन गाड्यांवर काम केलं. कॅप्रिस, इम्पाला, आणि एका शेठची जपून ठेवलेली १९६९ची कॅमॅरो. नाव वेगळं, माप वेगळं, पण डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंगचं तत्त्व तुझ्या कॉन्टेसात तेच. तिची मुळं इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरमध्ये आहेत, आणि व्हॉक्सहॉल त्या काळी ह्या अमेरिकन गाड्यांसारखी जनरल मोटर्सचीच होती.

एक परीक्षा कर, पैसे लागत नाहीत. गाडी गॅरेजातल्या खड्ड्यावर घे, ज्यात उतरून गाडीखाली काम करतात तो. तुझ्या बाजूला खाणीच्या टिप्परांची गॅरेजं अजून आहेत, मध्यंतरी खाणी थांबल्या तेव्हापासून त्यांचे खड्डे बरेचदा रिकामेच असतात. चारही चाकं जमिनीवर, गाडी सपाट. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत सरळ वर माप घे, दोन्ही बाजूंचं, आणि लिहून ठेव. मग खड्ड्यात उतरून आर्मच्या आतल्या बाजूचे नट एक-दोन फेरे सैल कर. बोल्ट बाहेर काढायचे नाहीत, नुसते सैल. वर येऊन बोनेटच्या दोन्ही कोपऱ्यांवर वजन टाकून गाडी चार-पाच वेळा हलव आणि पुन्हा माप घे. ती गाडी तशीच चालवत घरी न्यायची नाही, नट परत आवळायचे. पण आवळतानाही चाकं जमिनीवरच असू देत.

दोन्ही मापं इथे लिही, मग पुढचं सांगतो.

साखळीची कॉन्टेसा

काका, आज सकाळी केलं. आमच्या गावाबाहेर एक टिप्परवाले आहेत, बाबांना ओळखायचे. त्यांनी खड्डा झाडून दिला, लाल माती इतकी साचली होती की पायऱ्या दिसत नव्हत्या.

उजवी बाजू: आधी ३९१ मिलिमीटर, सैल केल्यावर ३८२. म्हणजे ९ मिलिमीटर खाली. पहिला नट सैल होताना 'टण्' असा आवाज झाला आणि आर्म हललेला मला दिसला.

डावी बाजू: आधी ३८२, नंतर ३८१. काहीच फरक नाही.

मला वाटलं होतं डावी बाजू खराब आहे तर तीच खाली येईल. हे उलट कसं?

तिस्क उसगावचा मिस्त्री

उलट नाही, बरोबर तसंच व्हायला हवं. मालाची चूक नाही, गॅरेजवाल्याने आर्म लोंबकळत असताना नट आवळले.

आता नीट समजून घे, हे एकदा कळलं की आयुष्यभर पुरतं. रबरी बुशात बाहेर एक लोखंडी कवच असतं, आत एक लोखंडी नळी, आणि मधलं रबर दोघांना चिकटवलेलं. कवच आर्मच्या डोळ्यात, म्हणजे गोल भोकात, दाबून बसतं, ते फिरत नाही. नळीतून बोल्ट जातो. नट आवळला की नळी दोन कानांमध्ये पकडली जाते, तीही फिरत नाही. मग आर्म वर-खाली होतो कसा? मधलं रबर पिळलं जातं, तेवढंच. बेअरिंगसारखं तिथे काही फिरत नसतं. म्हणून नट आवळतेवेळी आर्म ज्या कोनात असेल, तो कोन रबराचं घर. तिथे त्याला आराम.

लिफ्टवर गाडी उचलली की चाकं लोंबकळतात. समज आर्म ३० सेंटिमीटर लांब आहे आणि चाक ८ सेंटिमीटर खाली लोंबलंय, तर आर्म जवळजवळ १५ अंश खाली वळला. त्या अवस्थेत नट आवळला, गाडी खाली उतरवली, की रबर उभ्या गाडीतच १५ अंश पिळलेलं. मग खड्डा आला, आणखी १५ अंश. ज्याला दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा सोसायचे, त्याला एकाच बाजूला तीस. ओला पंचा पिळून तसाच दोरीवर आठवडाभर ठेवला तर धागे जातात, तसं. रबर आधी नळीला चिकटलेल्या जागी सुटतं, कारण तिथे व्यास सर्वांत लहान, ताण सर्वांत जास्त. तुला गोल सुटलेलं दिसलं ते हेच.

पिळलेलं रबर उलट जोर लावून गाडी वर धरून ठेवतं, म्हणून ती बोटभर उंच दिसत होती. उजवीकडचं रबर अजून शाबूत आहे, नट सैल होताच पीळ सुटला आणि गाडी ९ मिलिमीटर बसली. डावीकडचं फाटून पीळ कधीच निघून गेलाय, म्हणून तिथे फरक नाही. डावं आधी का गेलं? आपण रस्त्याच्या डावीकडून चालवतो, आणि आपल्या रस्त्यांचे खड्डे कुठे असतात ते तुला माहीत आहे.

अलाइनमेंट का टिकत नव्हतं तेही ह्यातच. मशीन उभ्या गाडीचं माप घेतं. ब्रेक दाबलास की जमीन चाकाला मागे ढकलते, फाटक्या बुशामुळे डावा खालचा आर्म मागे सरकतो, त्या चाकाचा कास्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि गाडी तिकडे ओढते. ब्रेक सोडला की आर्म जागेवर. मशीनला हे कधीच दिसणार नाही.

आमच्या जुन्या खड्ड्याच्या गॅरेजांत ही चूक क्वचितच व्हायची. मिस्त्री फार शिकलेले होते असं नाही, पण खड्ड्यावर गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असते, शेवटचा नट आपोआप वजनावर आवळला जायचा. लिफ्ट आली, उभं राहून काम करता येऊ लागलं, पाठीला आराम मिळाला. पण शेवटचे आठ नट आवळायला गाडी खाली उतरवायची हे ज्याला कोणी सांगितलं नाही, तो वरच आवळून मोकळा होतो.

आता काम. रबरच घाल, त्याच सेटचं चालेल. आठही बदल. उजवीकडचे दिसायला बरे असले तरी सात महिने पिळलेले आहेत, पुन्हा उघडायला लागू नये.

स्प्रिंगला भितेस ते चांगलं आहे, भीतच राहा. पुढच्या एका चाकावर ३०० किलोच्या आसपास वजन येतं, आणि स्प्रिंग आर्मच्या मध्यावर बसलेली असल्याने तिच्यावर त्याहून जास्त. गाडी चॅसीखाली मजबूत स्टँडवर ठेव, नुसत्या जॅकवर कधीही नाही. ट्रॉली जॅक खालच्या आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली, बॉल जॉइंटजवळ (आर्म आणि चाकाकडचा भाग जोडणारा गोळीचा सांधा). स्प्रिंग कॉम्प्रेसर लाव आणि वर एक साखळी स्प्रिंगमधून चॅसीला सैल बांध, म्हणजे काही निसटलं तरी ती अंगावर येणार नाही. बॉल जॉइंटचा नट पूर्ण काढायचा नाही, तीन-चार आटे राहू देत, मग नकलच्या (चाक धरणाऱ्या भागाच्या) डोळ्याला बाजूने हातोड्याचा एक चांगला फटका. टेपर, म्हणजे आत घट्ट बसलेला निमुळता भाग, सुटतो. दोन दाती फोर्क घुसवलास तर बुट फाटेल. मग नट काढून जॅक अगदी हळू सोड, आणि त्या वेळी कोणीही समोर उभं राहायचं नाही. स्प्रिंगचं खालचं टोक कुठल्या खाचेत बसलं होतं त्याची खूण आधीच रंगाने कर.

वरच्या आर्मच्या बोल्टांवर ज्या काही पट्ट्या, शिम (फटीत घालायचे पातळ तुकडे) किंवा एक्सेंट्रिक वॉशर मिळतील, ते जसे निघाले तसे तारेत ओवून 'डावा पुढचा', 'डावा मागचा' अशी चिठ्ठी बांध. कॅप्रिसमध्ये ह्या शिमांवरच कॅम्बर (चाक वरून आत-बाहेर झुकण्याचा कोन) आणि कास्टर असायचा. एक पातळ शिम इकडची तिकडे झाली तर अख्खा दिवस जायचा.

बोल्ट नळीत गंजून धरलेला असेल तर घणाने मारत सुटू नको. दोन दिवस आधीपासून सकाळ-संध्याकाळ गंज सोडवायचं तेल मार.

उद्यमबाग टर्नर, बेळगाव

मिस्त्रींनी सांगितलं ते सोळा आणे खरं. मी लेथवर आहे, बुश दाबायच्या बाजूने थोडं सांगतो, कारण गोव्यातून आमच्याकडे येणारे निम्मे आर्म प्रेसवर नाही, हातोड्याने बिघडलेले असतात.

जुना बुश काढताना आर्मच्या दोन कानांच्या मध्ये नेमक्या मापाचा पाइपचा तुकडा ठेवा. नाहीतर प्रेसचा दाब कान आत वाकवतो आणि तो कान पुन्हा सरळ करणं कठीण. बुशवर दाब फक्त बाहेरच्या कवचाच्या कडेवर यायला हवा. जाड भिंतीचा पाइप किंवा मोठं सॉकेट त्या मापाचं निवडा. नळीवर किंवा रबरावर दाबलंत तर नवा बुश बसण्याआधीच सुटतो. काही जण रबर पेटवून जाळतात. तो धूर विषारी असतो, आणि आर्मही उगाच तापतो. प्रेसने न हलल्यास रबर ड्रिलने काढा, कवचाला आतून हॅकसॉचा एक उभा काप द्या, आर्मला न लागता, मग छिन्नीने कवच आत दुमडून घ्या.

डोळा स्वच्छ करून व्हर्नियरने दोन दिशांनी मोजा. कवच डोळ्यापेक्षा दोन ते चार थाऊ (इंचाचा हजारावा भाग) मोठं असावं, म्हणजे साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर. नवा बुश रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायचं सगळे सांगतात. ४० मिलिमीटरचं पोलाद ४५ अंशांनी थंड झालं तर दोन शतांश मिलिमीटर आक्रसतं, एवढीच मदत. ती घ्या, पण त्यावर विसंबू नका. वंगण म्हणून साबणाचं पाणी, ग्रीस नको.

बुश हाताने डोळ्यात शिरला तर तिथेच थांबा. वेल्डिंगचा टाका मारून घ्या असं कोणी सांगेल. अजिबात नको. टाक्याच्या उष्णतेने रबराची चिकटण त्याच मिनिटाला जाते.

साखळीची कॉन्टेसा

उशिरा लिहिते आहे, आधी काम पूर्ण करायचं होतं.

टिप्परवाल्यांच्या खड्ड्यावर दोन रविवार लागले. पहिल्या रविवारी फक्त उघडलं. डाव्या खालच्या आर्मचे दोन्ही बुश हातात आले तेव्हा मागचा नळीपासून पूर्ण सुटलेला होता, नळी बोटाने गरगर फिरत होती. उजवीकडचे चारही अखंड. विकणाऱ्याला मी एप्रिलमध्ये बरंच बोलले होते, त्याच संध्याकाळी फोन करून माफी मागितली. त्याने पुढचा सेट दुसऱ्याच दिवशी पाठवला.

स्प्रिंग सोडताना माझे हात थरथरत होते. जॅक मी स्वतः सोडला, टिप्परवाले काका साखळी धरून बाजूला उभे होते. स्प्रिंग काहीही आवाज न करता खाली आली. त्या क्षणी फार मोकळं वाटलं.

डाव्या खालच्या आर्मचा पुढचा डोळा खराब निघाला. व्हर्नियरवर एका दिशेने ठीक, दुसऱ्या दिशेने मोठा, म्हणजे अंडाकृती. डिसेंबरात हातोड्याने बुश काढल्याच्या खुणा आत होत्या. आर्म घेऊन चोर्ला घाटातून बेळगावला गेले, अर्थात दुसऱ्या गाडीने. टर्नर दादांनी तो डोळा थोडा मोठा आणि अगदी गोल करून त्यात पातळ पोलादी बाही दाबली आणि बाहीला आतून बुशच्या मापाचं बोअर केलं. त्यांनी माझ्यासमोर मोजून दाखवलं, तीन थाऊ. मग बाकीचे बुशही तिथेच प्रेसवर बसवून दिले. तुमचे मनापासून आभार, तुम्ही जेवल्याशिवाय सोडलं नाहीत हे आईला सांगितलं.

दुसऱ्या रविवारी सगळं चढवलं. नट हाताने टेकेपर्यंतच लावले. चाकं बसवली, गाडी जमिनीवर घेतली, पुढे-मागे दहा फूट ढकलली, बोनेटवर वजन टाकून हलवली. मग खड्ड्यात उतरून आठही नट टॉर्क रेंचने आवळले. नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले, सैल न होणारे) नट सगळे नवे. आता माप दोन्ही बाजूंना: उजवी ३८३, डावी ३८२.

म्हापशाला अलाइनमेंट केलं. तिथल्या मुलाने विचारलं, पूर्वी हिला काय झालं होतं, आता एका फटक्यात आकडे जागेवर येतायत. काल साखळीहून फोंडा आणि परत, पावसात. फर्मागुडीच्या उतारावर मुद्दाम ब्रेक जोरात दाबला. सरळ थांबली.

काका, एक विचारायचं राहिलं. नट पुन्हा तपासायचे का, आणि तपासताना सैल करून आवळायचे की नुसते?

तिस्क उसगावचा मिस्त्री

नुसते. ५०० किलोमीटर झाले की खड्ड्यावर घे, चाकं जमिनीवर, टॉर्क रेंच त्याच आकड्यावर लाव आणि वाजतो का बघ. सैल करायचं नाही. एखादा नट फिरला तर त्यावर रंगाची रेघ मार आणि पुढच्या ५०० ला पुन्हा बघ.

आणि वरच्या-खालच्या चारही बॉल जॉइंटचे बुट पावसाळा संपल्यावर पुसून पाहा. चिरलेला असेल तर आत लाल चिखल गेलेला असतो. तेव्हा बुट बदलून भागत नाही, जॉइंटच बदलावा लागतो.

चवथीला गणपती आणताना मागे दोघं आणि मूर्ती असेल, टायरची हवा आदल्या दिवशी थंड टायरवर बघून घे.

साखळीची कॉन्टेसा

घेते. आई म्हणते मूर्ती आणायच्या दिवशी तुम्हीही या. साखळीच्या बाजारात माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या छताचं) सामान घ्यायला तुम्ही दर वर्षी येताच ना?